दम्याची गोळी आणि घरातल्या माणसाचा स्वभाव
(मंडळाच्या आरोग्य प्रबोधन शिबिरात दिलेले व्याख्यान)



मंडळाने मला आरोग्यावर दोन शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा मी मधुमेहावर किंवा रक्तदाबावर बोलेन अशी कार्यकर्त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळविला तेव्हा सचिव म्हणाले, "काका, दम्याच्या गोळीचा आणि स्वभावाचा काय संबंध?" मी त्यांना म्हटले, हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीने मला विचारला होता आणि मी तिला चुकीचे उत्तर दिले होते. ते चुकीचे उत्तर दुरुस्त करण्यासाठीच मी आज आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. मी औषधनिर्माता आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर मेडिकलवाला. चौतीस वर्षे मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो. तेव्हा मी जे सांगेन ते ऐकून घ्या, पण औषध सुरू करायचे की बदलायचे, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

२०१८ सालची गोष्ट. माझ्या मुलीचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला बाळदमा. पावसाळा लागला की छातीत घरघर, रात्री खोकल्याची उबळ, उशीला टेकून बसून काढलेल्या रात्री. त्या जूनमध्ये डॉक्टरांनी त्याला रोज रात्री एक चघळायची गोळी दिली. गोळीचे नाव माँटेलुकास्ट. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ती असेल. कोणाला ती एकटी दिली जाते, कोणाला लिव्होसेट्रिझिन ह्या शिंका-सर्दीच्या औषधाबरोबर एकाच गोळीत.

गोळीने खोकला कमी झाला. सगळ्यांना बरे वाटले. पण मुलगा मात्र बदलला. रात्री दचकून उठू लागला, भिंतीकडे बोट दाखवून रडू लागला. दिवसा धाकट्या बहिणीला मारू लागला. शाळेतून बाईंची चिठ्ठी आली, की वर्गात लक्ष नाही, फार चिडचिड करतो. घरात त्याला रागावणे सुरू झाले. जावयाने एकदा हात उचलला. शेजारच्या एका आजींनी माझ्या मुलीला हळूच सांगितले, "बाहेरचं काही असेल, कोणाला तरी दाखवून घे." आणि एका संध्याकाळी ते सात वर्षांचे पोर आईला म्हणाले, "आई, मी मेलो तर तुम्हाला बरं होईल ना?"

बंधू-भगिनींनो, सात वर्षांच्या मुलाच्या तोंडी हे वाक्य आपल्या आपण येत नाही. आम्ही सगळे विचार करू लागलो. शाळेत कोणी छळते का? घरातल्या भांडणाचा परिणाम आहे का? टीव्हीवर काही पाहिले का? सर्व शक्यता तपासल्या. फक्त एक तपासली नाही.

ती माझ्या मुलीने तपासली. तिला भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सगळे लिहायची सवय. दुधाचा खाडा, गॅसचा सिलिंडर कधी लागला, वाण्याचे किती देणे, सारे त्या तारखांच्या चौकोनांत. एके दिवशी हिशेब पाहताना तिला जूनच्या पानावर 'गोळी सुरू' अशी नोंद दिसली. आणि त्यानंतर बाराव्या दिवशी लिहिलेले दिसले, 'रात्रभर रडला, कामावर खाडा.' त्याच्या आधीच्या सबंध वर्षात अशी एकही नोंद नव्हती. तिने मला फोन केला. "बाबा, ह्या गोळीने असं होतं का?"

मी म्हणालो, "छे गं! साधी गोळी आहे ती. मी रोज कितीतरी जणांना देतो."

रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, त्या गोळीचा खोका उघडला, आतला घडी घातलेला इंग्रजी कागद बाहेर काढला आणि भिंग लावून वाचला. त्यात बारीक अक्षरांत यादी होती: वाईट स्वप्ने, निद्रानाश, झोपेत चालणे, चिडचिड, आक्रमकपणा, बेचैनी, उदासपणा, आत्महत्येचे विचार. मी वर्षानुवर्षे ती स्ट्रिप कात्रीने कापून पाच-पाच, दहा-दहा गोळ्या कागदी पाकिटातून लोकांच्या हातात दिल्या होत्या. गोळ्या लोकांच्या घरी गेल्या आणि कागद माझ्या कचऱ्याच्या डब्यात गेला. वाचायचा तो मीही कधी वाचला नव्हता.

आता हे औषध काय आहे, ते थोडक्यात समजून घेऊ. दम्यात आणि ॲलर्जीत शरीरात ल्युकोट्राइन नावाची रसायने तयार होतात. त्यांच्यामुळे श्वासनलिकांना सूज येते, त्या आवळतात, कफ वाढतो. माँटेलुकास्ट ह्या रसायनांचा मार्ग अडविते. अमेरिकेत ह्या औषधाला फेब्रुवारी १९९८ मध्ये परवानगी मिळाली. तिथे ते सिंग्युलेअर या नावाने विकले जात असे. पंप ओढावा लागत नाही, रोज एकच गोळी, लहान मुलांना चघळता येते, त्यामुळे ते जगभर पसरले. एक लक्षात ठेवा. धाप लागली असता लगेच आराम देणारे हे औषध नव्हे. रोज घेतल्याने झटके कमी व्हावेत, एवढाच त्याचा उद्देश.

औषध बाजारात आल्यावर काही वर्षांनी आईवडिलांच्या आणि डॉक्टरांच्या तक्रारी येऊ लागल्या. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, त्यांची तपासणी सुरू केली. २००९ मध्ये ह्या तक्रारींची सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावली. म्हणजे माझ्या नातवाने पहिली गोळी खाल्ली, त्याच्या नऊ वर्षे आधीच ही गोष्ट जाहीर झालेली होती. पुढे ४ मार्च २०२० रोजी त्याच संस्थेने ह्या औषधावर चौकटीतला इशारा छापण्याचा हुकूम काढला. माहितीपत्रकातला हा सर्वांत कडक इशारा असतो. तेव्हा त्यांनी सांगितले, की १९९८ पासून मे २०१९ पर्यंत हे औषध घेणाऱ्यांच्या आत्महत्येची ८२ प्रकरणे त्यांच्याकडे नोंदली गेली. त्याचबरोबर असाही सल्ला दिला, की नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी हे औषध पहिल्यांदा देऊ नये. दुसरी औषधे चालली नाहीत किंवा सोसली नाहीत, तरच द्यावे. ब्रिटनच्या नियामक संस्थेनेही २०२४ मध्ये डॉक्टरांना आणि पालकांना ह्या धोक्याची पुन्हा आठवण करून दिली.

आता दुसरी बाजू सांगितली नाही, तर मी तुमच्याशी अप्रामाणिकपणा केल्यासारखे होईल.

पहिली गोष्ट, हे दुष्परिणाम सर्वांना होत नाहीत. युरोपातल्या माहितीपत्रकांत वाईट स्वप्ने, निद्रानाश, आक्रमकपणा, उदासपणा ह्यांची नोंद शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होणारे परिणाम अशी आहे. भास होणे किंवा आत्महत्येचे विचार त्याहूनही फार विरळ. माझ्याच गल्लीतल्या एक भगिनी कित्येक वर्षे ही गोळी घेतात. त्यांचा श्वास सुधारला आणि त्यांच्या स्वभावात तसूभरही फरक पडला नाही.

दुसरी गोष्ट, तक्रार नोंदली गेली म्हणजे ती गोळीमुळेच झाली, असे सिद्ध होत नाही. एफडीएने स्वतः मोठ्या प्रमाणावर नोंदी तपासल्या. ही गोळी घेणारे आणि पंपातून स्टेरॉइड घेणारे अशा दम्याच्या रुग्णांची तुलना केली, तेव्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागेल इतक्या गंभीर नैराश्यात वाढ दिसली नाही. पण घरच्या घरी राहिलेली वाईट स्वप्ने, शाळेतली चिडचिड अशा तपासणीत सापडत नाही. माझा नातू कुठे रुग्णालयात दाखल झाला होता? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एफडीएच्याच शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतले निष्कर्ष मांडले, की हे औषध मेंदूतल्या अनेक ग्राहींना चिकटते. पण त्यामुळेच हे त्रास होतात, असे त्यावरून म्हणता येत नाही. तेव्हा 'संभव आहे, सावध राहा', एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल. एका नातवावरून मी सिद्धांत मांडत नाही.

तिसरी गोष्ट, स्वभाव बिघडण्याला दुसरी कारणेही असतात. रात्रभर खोकणारे मूल सकाळी चिडणारच. दम्याचा जोर वाढल्यावर पोटातून देतात त्या प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडनेही मनाची घालमेल होऊ शकते, झोप उडू शकते. साल्ब्युटामॉलच्या पातळ औषधाने हात थरथरतात, छाती धडधडते. थिओफायलिनच्या गोळ्यांनी बेचैनी येते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातली सर्व औषधे एका पिशवीत घालून न्या. 'ती पिवळी गोळी' म्हणून कोणालाही काही समजत नाही. मी स्वतः दुकानात किती वेळा गोंधळलो आहे!

आणि सर्वांत महत्त्वाची चौथी गोष्ट. माझे व्याख्यान ऐकून घरी जाल आणि दम्याची सगळी औषधे बंद कराल, तर मी आज इथे आलो नसतो तर बरे झाले असते असे होईल. दम्याने माणूस दगावतो. रात्री दोन वाजता ओठ निळे पडलेले मूल खांद्यावर घेऊन रिक्षा शोधणारा बाप मी पाहिला आहे. औषधाची भीती बाळगू नका, माहिती बाळगा.

इथे मला पंपाविषयी दोन शब्द बोलायचे आहेत, कारण गोळीचा प्रश्न पंपाच्या भीतीपासून सुरू होतो. आपल्याकडे समज आहे की पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा इलाज, मुलीने पंप घेतला तर तिचे लग्न जमणार नाही. म्हणून आईच डॉक्टरांना विनवते, "डॉक्टर, पंप नको, गोळीच द्या." माझ्या मुलीनेही असेच म्हटले होते, आणि तिला ते मीच शिकविले होते. वस्तुस्थिती अशी, की पंपातून जाणारे औषध मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाच्या मापाने असते आणि ते थेट जिथे काम आहे तिथे, फुफ्फुसात पोहोचवले जाते. पोटातून घेतलेले औषध रक्तातून सर्व शरीरभर फिरते. रोजच्या दम्यावर पंपातून घ्यायचे स्टेरॉइड हाच मुख्य उपचार मानला जातो. लहान मुलांना पंपाला स्पेसर लावून द्यावा आणि नंतर चूळ भरायला लावावी. ह्यात लाज वाटण्याचे काही कारण नाही. चष्मा लावायला आपण लाजतो का?

आता माझ्या नातवाचे पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही ती दिनदर्शिकाच काढून डॉक्टरांकडे नेली. त्यांनी दोन्ही पाने शांतपणे पाहिली, रागावले नाहीत, उडवून लावले नाही. म्हणाले, "शक्य आहे. ही गोळी बंद करू, पंप सुरू करू, आणि तुम्ही लिहिणं चालू ठेवा." पहिल्या आठवड्यात फारसा फरक दिसला नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलीने एका चौकोनात लिहिले, 'सकाळपर्यंत झोपला.' हळूहळू ते पोर पुन्हा आमचे झाले. सगळ्यांचेच असे लवकर निवळते असे नाही. काहींचा त्रास गोळी थांबविल्यावरही काही काळ टिकतो, काहींना तर थांबविल्यावर सुरू होतो. म्हणून गोळी बंद केली, आता काळजी मिटली, असे समजू नका. लक्ष ठेवा.

माता-भगिनींनो, तुम्ही घरी जाऊन काय करायचे ते आता थोडक्यात सांगतो.

एक. ही गोळी लिहून दिली असता डॉक्टरांना निःसंकोच तीन प्रश्न विचारा: ही कशासाठी आहे, किती दिवस घ्यायची, आणि हिच्याऐवजी दुसरे काही चालेल का? घरात पूर्वी कोणाला मानसिक आजार झाला असेल, तर तेही सांगा. ते लपविण्यासारखे नाही.

दोन. गोळी सुरू केल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहा. झोप, भूक, राग, रडणे ह्यांत बदल दिसला, तर त्याचीही तारीख लिहा. त्यासाठी फार शिक्षण लागत नाही.

तीन. शाळेतल्या बाईंना सांगून ठेवा. मुलाचा स्वभाव आईनंतर पहिल्यांदा त्यांना कळतो. आणि हा नियम मोठ्या माणसांनाही लागू आहे. नवरा अचानक चिडचिडा झाला, सून गप्पगप्प राहू लागली, म्हातारे सासरे रात्री बडबडू लागले, तर भांडण्यापूर्वी विचारा, "नवीन गोळी कोणती चालू केलीत?"

चार. बदल दिसलाच, तर ही एक गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, असाच सल्ला एफडीएने दिलेला आहे. दम्याचा पंप मात्र चालू ठेवा. मरणाची भाषा कानावर आली, तर त्या माणसाला एकटे सोडू नका, सरळ रुग्णालयात न्या. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर आहे, तीही हाताशी ठेवा.

पाच. औषधाचा त्रास झाला तर त्याची नोंद करा. आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी योजना २०१० पासून चालू आहे. तिचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ ह्या क्रमांकावर फोनला पैसे पडत नाहीत आणि डॉक्टरच नव्हे, तर तुम्ही-आम्हीही नोंद करू शकतो. अमेरिकेतला तो इशारा आभाळातून पडला नाही. साध्या आयाबापांनी कळविले, ते मोजले गेले, म्हणून तो छापला गेला. आपण कळविले नाही, तर आपल्या मुलांचे दुखणे कोणत्याच हिशेबात येणार नाही.

सहा. मागच्या वर्षीची उरलेली स्ट्रिप धाकट्याला देऊ नका. शेजारणीला लागू पडली म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नका. आणि मेडिकलवाल्याकडे खोक्यातला कागद हक्काने मागा. तो इंग्रजीत असेल, अक्षर बारीक असेल, तरी घरातल्या शिकलेल्या मुलाला वाचायला लावा. आपल्या मंडळात कॉलेजात जाणारी मुले-मुली आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीतल्या लोकांना हे कागद वाचून दाखविले, तर ते मोठेच काम होईल. मी अजून दोन डोळ्यांनी वाचू शकतो, मीही येऊन बसेन.

आणि सातवी गोष्ट त्या शेजारच्या आजींसाठी, ज्या मनाने वाईट नव्हत्या. मुलाचे वागणे बिघडले की अंगारा-धुपारा करणाऱ्याकडे धावू नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण कायदा प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर उभा राहू शकत नाही. तिथे आपल्यालाच उभे राहावे लागते. कारण शोधायचे ते आपल्या घरातच, औषधाच्या डब्यात, दिनदर्शिकेच्या पानावर.

माझा नातू आता माझ्या खांद्याला लागतो. त्या दिवसांतले त्याला थोडे थोडे आठवते. गेल्या दिवाळीत तो मला एकदम म्हणाला, "आजोबा, तेव्हा मी वाईट मुलगा होतो का?" मी म्हणालो, "नाही रे बाळा. तू वाईट नव्हतास. आम्ही कागद वाचला नव्हता." त्याला किती समजले, मला माहीत नाही. पण त्याने मार खाल्ला होता, बोलणी खाल्ली होती, आणि इतकी वर्षे तो स्वतःला दोषी समजत होता, हे मला त्या दिवशी कळले. औषधाचा दुष्परिणाम काही आठवड्यांत गेला. आपण मुलावर ठेवलेला ठपका मात्र त्याच्या मनात वर्षानुवर्षे राहिला.

म्हणून शेवटी एकच विनंती. घरातले माणूस अचानक बदलले, तर त्याच्यावर ठपका ठेवण्यापूर्वी, त्याच्यावर हात उचलण्यापूर्वी, औषधाच्या डब्यात काय नवीन आले आहे ते पाहा.